बहासा इंडोनेशिया शिकालोय, पण ओळखीचेच शब्द गंडवालेत

धोटाकांडी

राम राम मंडळी. पहिल्यांदाच लिवालोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरचा, कागलच्या एमआयडीसीत एअरजेट मागावर फिटर हाय. आज्जाचे इचलकरंजीत साधे माग होते त्यामुळं धोटा-कांडीपासनं सगळं बघितलंय. आता इंडोनेशियात बांडुंगजवळ एका कापड मिलमधे दोन वर्षांचं काम ठरलंय, दिवाळी झाली की निघायचं. घेऊन जाणारा माणूस म्हणाला की तिथं मागावर इंग्लिश कोण बोलत नाही, थोडी बहासा शिकून ये, म्हणून तीन आठवडे झाले मोबाईलवर ॲप घेऊन बसलोय आणि घरातली सगळी मला वेडा म्हणाय लागल्यात.

सुरुवातीला लय बरं वाटलं. नाव म्हंजे 'नामा', रंग म्हंजे 'वर्ना', माणूस म्हंजे 'मनुसिया', पहिला म्हंजे 'पर्तामा', काच म्हंजे 'काचा', ग्रंथालय म्हंजे 'पर्पुस्तकाआन', म्हंजे पुस्तक आपलंच, पुढनं मागनं शेपूट लावलंय फक्त. म्हटलं ह्यात शिकायचं काय हाय, निम्मं तर आईच्या पोटातनंच येतंय.

मग गाडी रुतली. 'चिंता' आला. चिंता म्हंजे काय सांगा? प्रेम! बायको भाकरी थापाली होती, मोबाईल म्हणालाय 'आकू चिंता कामू' आणि मी मागनं म्हणालोय. ती म्हणाली कसली चिंता लागलीया एवढी? मी म्हटलं अगं तिकडं ह्याचा अर्थ माझं तुझ्यावर प्रेम हाय असा होतो. तर तवा तसाच, हात तसाच, म्हणाली बरोबरच हाय की मग.

ते सोडा. 'नगारा' म्हंजे देश आणि 'देसा' म्हंजे खेडं. सरळ सरळ उलटं की! म्हंजे आपण शाळेत भारत माझा देश आहे म्हणत होतो ते तिकडं म्हटलं तर भारत माझं खेडं आहे असं होणार. 'चहाया' हा म्हणे आपल्या छायेवरनं गेलाय, आणि अर्थ काय तर उजेड. 'बिचारा' म्हंजे बोलणं, मला आपलं उगाच वाटलं कुणाची तरी कीव करालेत. आणि माझ्या धंद्यातला शब्द बघा, 'सुत्रा', मी आपलं सूत समजून चाललेलो चार दिवस, तर ते निघालं रेशीम.

तर प्रश्न असा हाय की ओळखीचा शब्द दिसला तर आपला अर्थ लावायचा का न्हाई? काय नियम हाय का? गप्पा मारताना चुकलं तर हसतील आणि सोडतील, पण मशिनीवर अंदाजानं काम केलं आणि बोट गेलं तर कुणाला सांगू चिंता करू नका म्हणून. कोण राहून आलं असेल तर सांगा.


लोणीडोसा_प्रेमी

भावा तिकडं 'दोसा' म्हंजे पाप. दोष वरनं. आणि 'मसालाह' म्हंजे अडचण. आता मसाला डोसा मागून बघ.


चांगभलं_७७

हे सगळं आपल्याकडनंच गेलेलं हाय, नाद खुळा! त्यांच्या विमान कंपनीचं नाव गरुडा, राजचिन्ह गरुड, पैसा रुपिया. सूर्याला म्हणत्यात 'माताहारी', बघा, माता पण आली आणि हरी पण आला. दोनाला 'दुआ'. आणखी काय पुरावा पाहिजे. बिनधास्त जा, आपली भाषा बोलली तरी कळतंय त्यांना.


सुराबाया_रिटर्न

चांगभलं भाऊ, आपली भाषा बोलली तर काय कळतं ते मी सांगतो. मी सुराबायाला सहा वर्षं होतो, पंपांच्या कामात. आता राजारामपुरीत असतो.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. वारुंग म्हणतात तिकडं टपरीला, तिथं चहा मागितला तर बाईनं बर्फ घातलेला चहा दिला. तिकडं उकाडा मरणाचा त्यामुळं गार चहा नेहमीचाच आहे. मी हातानं वाफेची खूण करून म्हणतोय गरम, गरम. बाई माझ्याकडं बघते, चहाकडं बघते, परत माझ्याकडं बघते, आत गेली आणि मिठाची वाटी आणून ठेवली. 'गाराम' म्हणजे मीठ. गरमला 'पानास'. आता मला पानास ऐकून फणस आठवायचा, त्यामुळं तो शब्द पाठ व्हायला पण महिना गेला. दूध म्हणजे 'सूसू'. हसू नका. दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरात 'कोपी सूसू' लिहिलेलं असतंय, दुधाची कॉफी. आपल्या गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार काढून समोर ग्लास देतात, ते मी तिथल्या पोरांना रंगवून सांगायला गेलो की आमच्याकडं ताजा ताजा सूसू उभ्यानं पितात, आणि सांगता सांगता मलाच हसू आवरेना. त्यांना कळेना हा एवढा का हसतोय. 'काकी' म्हणजे पाय, 'पागार' म्हणजे कुंपण. 'इस्त्री' म्हणजे बायको, हा मात्र स्त्रीवरनंच गेलाय, आणि नवरा म्हणजे 'सुआमी', स्वामी. तेवढं एक बरं वाटलं मला.

पण माझी सगळ्यात मोठी फजिती सांगतो, कारण ती खास कोल्हापूरकराचीच होऊ शकते. विमानतळावरनं येताना ड्रायव्हर म्हणाला की सुराबायाला 'कोता पहलावान' म्हणतात. कोता म्हणजे शहर हे मला माहीत होतं. पहलावान! मी उडालोच. रात्री घरी फोन केला, आबांना सांगितलं की काय योग आहे बघा, पैलवानांच्या गावातनं पैलवानांच्याच गावात आलोय. आबा स्वतः तालमीतले, त्यांनी लगेच विचारलं मैदान कुठलं, माती कसली, खुराकाला काय खातात. मी म्हटलं बघून सांगतो. दुसऱ्या दिवशी कळलं की 'तुगू पहलावान' नावाचं स्मारक पण आहे, म्हटलं खासबाग मैदानासारखं काहीतरी असणार. सुट्टीच्या दिवशी शोधत गेलो. तिथं उंच खांब, फुलं, शाळेची पोरं रांगेत. कुस्तीचा पत्ता नाही.

पहलावान म्हणजे वीर, हुतात्मा. शब्द एकच आहे, फारशीतला, आपल्याकडं तो आखाड्यात उतरला आणि तिकडं देशासाठी लढणाऱ्याकडं गेला. १९४५ साली १७ ऑगस्टला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि नोव्हेंबरात सुराबायाला इंग्रजांच्या फौजेशी मोठी लढाई झाली, म्हणून १० नोव्हेंबर हा त्यांचा 'हारी पहलावान', वीरांचा दिवस. आणि अजून एक, त्या इंग्रजांच्या फौजेत आपले हिंदी सैनिक होते. ते वाचल्यावर मी जरा गप्पच झालो. आबांना मात्र शेवटपर्यंत पटलं नाही, ते म्हणायचे असेल असेल, पण आधी तालीम असणारच.

तर धोटाकांडी, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. जो शब्द अजिबात माहीत नाही तिथं माणूस थांबतो, विचारतो, त्यात कधी घोटाळा होत नाही. माझे सहा वर्षांतले सगळे घोटाळे ओळखीच्या शब्दात झाले. पाहुणा समजून घरात घेतलं आणि तो भलताच कोण निघाला तसं. म्हणून ओळखीचा शब्द दिसला की एक काम कर, दोनदा विचार.

अरबीतनं आलेले पण असेच. 'वाकील' म्हणजे वकील नाही, दुसऱ्याच्या वतीनं काम बघणारा, उपाध्यक्षाला 'वाकील प्रेसिदेन' म्हणतात. 'हुकुम' म्हणजे कायदा. 'काबार' तेवढा सरळ आहे, खबर. भेटल्यावर 'आपा काबार?' म्हणायचं, काय खबर? उत्तर 'बाइक', म्हणजे बरं. गाडी नव्हे.


धोटाकांडी

सर लय हसलो, आबांचं तर लयच भारी. पण मला हे समजंना की शब्द गेला तर अर्थ का न्हाई गेला सोबत? चिंतेचं प्रेम कसं काय होतंय? कुणीतरी चुकलं असंल की पहिल्यांदा.


संस्कृतच्या_बाई

मुलांनो, तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं आहे म्हणून मधे तोंड घालते.

चुकलं कुणीच नाही. आपण समजतो की संस्कृतातला खरा अर्थ आपल्याकडे शिल्लक आहे आणि बाहेर गेलेला तेवढा बिघडला. आता मला सांगा, राग म्हणजे काय? मराठीत राग म्हणजे संताप. संस्कृतात राग म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम. अनुराग शब्दात तो अजून जुन्या अर्थानं बसलेला आहे. म्हणजे त्यांनी चिंतेचं प्रेम केलं तर आपण प्रेमाचा संताप केला! उद्या एखादा इंडोनेशियन मराठी शिकायला बसला तर तोही कपाळाला हात लावेल. शिक्षा म्हणजे शिकवणं, आपण त्याचा दंड केला. चेष्टा म्हणजे हालचाल, प्रयत्न, आपण तिची थट्टा केली. हिंदी भाषिक माणूस 'मैं चेष्टा करूँगा' म्हणाला की आपली मुलं हसतात ती ह्याचमुळे.

आता चिंता. मूळ धातू चिंत्, म्हणजे विचार करणं, मनात घोळवणं. ज्याचा सारखा विचार मनात येतो ते काय? आपण म्हटलं काळजी, ते म्हणाले प्रेम. धोटाकांडी, तुमच्या सौभाग्यवतींना व्याकरण न शिकता ते बरोबर कळलं. छायेला संस्कृतात सावलीबरोबरच कांती, तेज असाही अर्थ आहे, त्यांनी तो अर्थ उचलला, आपण दुसरा. 'बिचारा' म्हणजे आपला विचार. विचारविनिमय तोंडानंच करतात ना? आणि आपण तरी काय करतो, विचार करणं वेगळं आणि एखाद्याला 'विचारणं' वेगळं, ते बोलणंच झालं की. 'बियासा' म्हणजे नेहमीचं, साधं. तो अभ्यास आहे, ज्याचा सराव झाला ते नेहमीचं होतं. 'उसाहा' म्हणजे उद्योगधंदा, मूळ उत्साह. 'पुआसा' म्हणजे उपवास, आणि रमझानच्या रोज्यांना तिकडे हाच शब्द आहे. स्वर्ग 'सुर्गा', नरक 'नराका', पुण्याचं फळ 'पाहाला'. धर्म बदलला तरी हे शब्द घरातच राहिले. प्रोटेस्टंट चर्चच्या धर्मगुरूला 'पेंदेता' म्हणतात, तो आपला पंडित.

देश आणि नगर उलटे झाले म्हणून तुम्ही चिडलात, पण नीट बघा. पूर्वी राज्य म्हणजे राजधानीचं शहर आणि त्याच्या हुकमतीतला मुलूख, म्हणून नगर शब्द वाढत वाढत राज्यापर्यंत गेला. आणि देश म्हणजे मुळात राष्ट्र नव्हेच, देश म्हणजे जागा, प्रदेश. आपण कोल्हापूरकरांनी तरी हे विसरू नये. घाट चढून वर आलेला कोकणी माणूस 'देशावर आलो' म्हणतो तेव्हा तो काय परदेशातून आलेला असतो का?

आकड्यांत मात्र जपा, पैशाचा मामला आहे. संस्कृतात अयुत म्हणजे १०,०००, लक्ष म्हणजे १,००,०००, कोटी म्हणजे १,००,००,०००. मलायमध्ये, म्हणजे बहासा जिच्यातून आली त्या भाषेत, 'लाक्सा' झाला दहा हजार, 'केती' म्हणजे कोटी झाला एक लाख आणि अयुताचा 'जुता' झाला तो थेट दहा लाखांवर जाऊन बसला. लाक्सा आणि केती आता व्यवहारात राहिले नाहीत, पण जुता रोजचा आहे. त्यांची सगळ्यात मोठी नोट १,००,००० रुपियांची असते, तेव्हा पगार जुतामध्येच सांगतील. कुणी म्हणालं तुम्हाला इतके जुते देतो तर भांडू नका.

हे शब्द आज-काल गेलेले नाहीत. बोर्निओच्या कुताईमध्ये मूलवर्मा राजाचे यज्ञस्तंभांवरचे संस्कृत लेख आहेत, ते इसवी सन ४०० च्या आसपासचे. तुम्ही जाताय त्याच पश्चिम जावात, बोगोरजवळ चिआरुतुन इथे पूर्णवर्मा राजाचा पाचव्या शतकातला शिलालेख आहे, पावलं कोरलेली आहेत आणि ती विष्णूच्या पावलांसारखी आहेत असं श्लोकात म्हटलं आहे. सुट्टी मिळाली तर बघून या. आणि सुमात्रात पालेंबांगला केदुकान बुकितचा जो जुन्या मलायमधला लेख आहे त्यावर शके ६०५ असं घातलं आहे. शके! आपल्या लग्नपत्रिकेवर असतं तेच. लिपी मात्र पल्लव, दक्षिणेकडची, तेव्हा हे सगळं मराठी माणसानं नेलं असं कृपया कुणी लिहू नये.


खडूस_मंगळवार

बाईंनी सभ्य भाषेत सांगितलं, मी सरळ सांगतो. चांगभलं_७७, माताहारी मधे माता पण नाही आणि हरी पण नाही. 'माता' म्हंजे डोळा, 'हारी' म्हंजे दिवस. दिवसाचा डोळा तो सूर्य. आणि हा शब्द त्यांचा स्वतःचा, फिलिपिन्सच्या तागालोगमधे पण डोळ्याला माताच म्हणतात, तिथं काय आपण गेलेलो सांगायला? 'दुआ' पण त्यांचाच, न्यूझीलंडच्या माओरीत दोन म्हंजे 'रुआ'. एकाच भाषाकुळातले आहेत ते. दोन वरनं दुआ ही निव्वळ गाठ पडलीय. चष्म्याला 'काचामाता' म्हणतात, त्यात काच आपली आणि डोळा त्यांचा. असा हिशोब असतोय, सगळंच आपलं न्हवं.

शिवाय त्यांनी कुणाकडनं घेतलं नाही? पोर्तुगीजांकडनं खिडकी घेतली 'जेंदेला', कपाट घेतलं 'लेमारी', म्हंजे आपली अलमारी त्याच घरची. 'नानास' म्हंजे अननस, आपल्याला पण पोर्तुगीजांनीच दिला. डचांकडनं ऑफिसला 'कांतोर', टॉवेलला 'हांदुक', फॅक्टरीला 'पाब्रिक'. मिलमधे तुला संस्कृतपेक्षा हेच जास्त ऐकू येणार आहेत.

आणि मूळ भाषा मलाय, व्यापाऱ्यांची, बंदरातली. जावानीज बोलणारे लय जास्त होते तरी १९२८ साली २८ ऑक्टोबरला पोरांनी शपथ घेतली की एकीची भाषा म्हणून ही घ्यायची. मोठ्यांनी आपली भाषा लादली नाही. आपल्याकडं असं काय झालं असतं तर किती बसा फुटल्या असत्या विचार करा.

ज्याचं खरंच नवल वाटावं ते कुणीच सांगितलं नाही. मराठीत आपण आणि आम्ही वेगळं हाय का नाही? 'आपण जेवूया' म्हटलं की समोरचा धरून, 'आम्ही जेवतो' म्हटलं की समोरच्यानं घरी जावं. हिंदीवाल्याला हा फरकच नाही, सगळं हम. इंग्लिशमधे पण नाही. इंडोनेशियात हाय! 'किता' म्हंजे आपण, 'कामी' म्हंजे आम्ही. बाकीच्या देशांतली माणसं ह्यावर महिने घालवतात, तुला एका मिनिटात कळणार, कारण तू जन्मापासनं तेच करालास. कुणी कुणाकडनं घेतलेलं नाही हे. आणि भाजीबिजी म्हणतो तसं ते 'सायुर-मायुर' म्हणतात. सायुर म्हंजे भाजी, मायुर म्हंजे काय नाही, आपल्या बिजीसारखंच.


बांडुंगच्या_वहिनी

धोटाकांडी भाऊजी, मी बांडुंगलाच आहे पाच वर्षं झाली. माहेर गडहिंग्लज. आमचे हे पण मिलमधेच आहेत म्हणून ह्यांना विचारूनच लिहितेय, मशिनीचं ह्यांचं आणि बाकीचं माझं.

पहिलं मशिनीचं. कापूस म्हणजे 'कापास', बिनधास्त वापरा. सूत म्हणजे 'बनांग'. सुत्रा म्हणजे रेशीमच, तुमचं बरोबर. ताणा म्हणजे 'लुसी', बाणा म्हणजे 'पाकान'. तार तुटली की 'बनांग पुतुस' असं ओरडतात, हा शब्द दिवसातनं शंभरदा ऐकायचाय. मशिनीवर 'बाहाया' लिहिलं असेल तर तो आपला भय आहे, धोका, तिथं हात घालायचा नाही, हा ओळखीचा शब्द खरा आहे. आणि 'हाती-हाती' लिहिलेलं असतंय, हत्ती नव्हे, जपून असा अर्थ. 'मेसिन माती' म्हणाले तर मशीन बंद आहे. माती म्हणजे मेलेला, बंद पडलेला. लाईट गेली तरी 'लिस्त्रिक माती'. आमचे हे पहिल्यांदा ऐकून म्हणाले की आपल्याकडं कुणी गेलं की मातीला जाऊन आलो म्हणतात तेच इथं पण आहे की काय. नाही ओ, योगायोग आहे, पण लक्षात मात्र कायमचा राहिला. फोरमनला 'कपाला' म्हणतील, म्हणजे डोकं, आपलं कपाळ.

ह्या कपालावरनं माझीच मजा. शहाळं म्हणजे 'कलापा मुदा'. ल आणि प ची जागा चुकली की कलापाचा कपाला होतो. मी दुकानात जाऊन बर्फ घालून एक कोवळं डोकं द्या असं मागितलं होतं. त्यानं न बोलता शहाळं फोडून दिलं, म्हणजे मी काय पहिली नव्हते.

स्वयंपाकाचं सांगते कारण एकटे राहणार तर करावंच लागेल. गूळ शोधताना 'गुला' म्हणाल तर साखर देतील. शब्द गूळाचाच आहे पण अर्थ साखर. गूळ पाहिजे तर 'गुला मेराह' म्हणा, म्हणजे लाल साखर, तो नारळाच्या नाहीतर ताडाच्या जातीच्या झाडाचा असतो, उसाचा नाही. मी त्यातच पुरणपोळी करते. आपल्या कोल्हापुरी गुळाची सर नाही, रंग पण काळपट येतो, पण सणाला चालवून घेते. 'मरिचा' म्हणाल तर मिरी देतील, मिरची नाही. मिरचीला 'चाबाई'. ह्यांच्या इथल्या एका सरांनी सांगितलेलं की मिरची मुळात अमेरिकेची, पोर्तुगीजांनी आणली, आपण मिरीचं नाव तिला दिलं आणि ह्यांनी मिरीचं नाव मिरीलाच ठेवलं. म्हणजे इथं शब्द त्यांचाच बरोबर म्हणायचा! धने म्हणजे 'कतुंबार', कोथिंबीर आठवा. 'रासा' म्हणजे चव. मला आधी वाटलेलं रस्सा मिळतो.

माझी नणंद आली होती फिरायला, नाव प्रिया. मॉलमधे बाथरूमच्या दारावर मोठ्या अक्षरात 'प्रिया' लिहिलेलं बघून खूश होऊन फोटो काढला आणि आत शिरली. आतनं किंचाळतच बाहेर. 'प्रिया' म्हणजे पुरुष. बायकांचं 'वानिता', वनिता. हे तुम्हाला पण लागेल, उलट्या बाजूनं.

आणि बांडुंगला घराघरात सुंदानीज चालते, ती वेगळी भाषा. तिच्यात 'चाई' म्हणजे पाणी, म्हणून इथल्या नद्यांची गावांची नावं चि नं सुरू होतात, चितारुम, चिमाही, चिआंजुर. बाईंनी सांगितलेलं चिआरुतुन पण त्यातलंच. कुणाच्या घरी चाई घेणार का विचारलं आणि पाणी आलं तर रागवू नका. मराठीतला राग म्हणतेय मी.


धोटाकांडी

वहिनी, तुम्ही तर गावच जवळ आणलंसा. ह्यांना नमस्कार सांगा, आल्यावर भेटतो नक्की, येताना उसाचा गूळ घेऊन येतो दोन ढेपा. बाई, राग वाचून घरात सगळ्यांना सांगितलं, पोरगी म्हणाली पप्पा म्हंजे आई तुमच्यावर रोज प्रेमच करत्या म्हणायचं.

आज वही केली नवीन. आधी एकच यादी होती, आता दोन करालोय. एका बाजूला अर्थ तसाच असलेले, कापास, काचा, नामा, बाहाया, काबार. दुसऱ्या बाजूला पाहुणे, सुराबायावाल्या सरांच्या भाषेत. दुसरी बाजूच लांब व्हायला लागल्या. पहलावान तिथं सगळ्यात वर लिवलाय, लाल पेननं.

खडूस भाऊ, किता-कामी एका मिनिटात जमलं, खरंच. ॲपवाला तेच परत परत विचारत बसला.

एकच राहिलं, तिथल्या माणसाला हाक काय मारायची? सर म्हणू का?


सुराबाया_रिटर्न

थोराला 'पाक', बापाक वरनं, बाप म्हणजेच. बाईला 'बू', इबू वरनं. बरोबरीच्या पोराला जावात 'मास' म्हणतात, पण तू सुंदानीज भागात आहेस तिथं 'आ' किंवा 'काङ' जास्त चालेल, वहिनींना विचार. मला मास म्हणायचे तेव्हा मी कायम वळून बघायचो म्हस कुठं आली म्हणून. आणि स्वतःला 'साया' म्हण, मी म्हणजे साया, ते आधी 'सहाया' होतं, सहाय, सेवक. आपल्या जुन्या पत्रात खाली 'आपला सेवक' लिहायचे तसंच. आबांच्या ट्रंकेत अजून आहेत तसली दोन पत्रं.


लोणीडोसा_प्रेमी

गूळ नेताना कांदा लसूण मसाला पण ने. विमानतळावर विचारलं हे काय, तर मसाला म्हणू नको फक्त.


धोटाकांडी

मग काय म्हणू?


बांडुंगच्या_वहिनी

'बुंबू' म्हणा. मसाल्याला बुंबू. आणि अर्धा किलो जास्त आणा, आमचा संपत आलाय.